आधी तिला वाचून दाखवा

गवतातून चालत आलं की साडीच्या काठाला कुसळं लागतात. वाटेत कळत नाही. घरी येऊन जरा टेकलं की टोचायला लागतात, मग एकेक वेचत बसायचं. किस्स्यांचंही तेच. ते जमवायला कुणी निघत नाही. आपण आपलं काम करत असतो आणि ते मुकाट चिकटत असतात.

हे जे सांगते ते सगळे सहा शनिवारांत चिकटलेले. जव्हारला वाचनालयाच्या वरच्या खोलीत एक वर्ग भरला होता. दारावर फलक होता, 'सर्जनशील कथेतर लेखन'. आम्ही नऊ जण आलो होतो आणि नवांपैकी एकालाही तो फलक एका दमात वाचता आला नाही! शिकवणाऱ्या सायली मॅडम नाशिकहून यायच्या. वयानं माझ्या नातीएवढ्या. त्यांनी सोपं करून सांगितलं, "घडलेलंच लिहायचं. बनवायचं काही नाही. पण वाचणाऱ्याला गोष्ट ऐकल्यासारखं वाटलं पाहिजे."

मी बाहत्तर वर्षांची. शाळेत एक दिवस बसलेली नाही, आणि तरी चाळीस वर्षं कचेरीबाहेर टेबल टाकून या तालुक्याचे अर्ज लिहिले. नाव नोंदवायला गेले तर ग्रंथपाल म्हणतो, "आजी, नातीचं नाव सांगा."

म्हटलं, "नात तिचं ती बघेल. माझं लिही. आणि आजी मी घरी असते, इथं कमलताई म्हणायचं!"

हसू सहाही शनिवार येत होतं. पण भीतीही सहाही शनिवार सोबत होती.

* * *

पहिल्याच दिवशी मॅडमनी दहा मिनिटं दिली. "कुणाला तरी सांगायची राहून गेलेली एक गोष्ट लिहा."

सगळे पेन चावत बसले. मी तीन मिनिटांत पान भरलं! मॅडमनी वाचायला घेतलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मी लिहिलं होतं : 'महोदया, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक कळविते की, सदर दाखला माझ्या बहिणीचा असून...' आणि खाली, 'आपली विश्वासू.'

"कमलताई, हा तर अर्ज झाला."

"मग काय झालं? आजवर माझा एक अर्ज चुकला म्हणून परत आलेला नाही!"

मॅडम हसल्या. मग त्यांनी पुढचं वाचलं आणि त्यांचं हसू गेलं. कागद घडी करून त्यांनी हळूच माझ्या पिशवीत ठेवला.

त्यात काय होतं ते तुम्हाला सांगते. कचेरीबाहेर बसायला परवाना लागायचा आणि परवान्याला सातवी पासचा दाखला. माझ्याकडे अक्षर होतं, दाखला नव्हता. धाकटी बहीण कुसुम सातवी पास. तिचा दाखला आईच्या पत्र्याच्या पेटीत होता. मी तो काढला. माहेरचं नाव कुसुम होतं, सासरी कमल झालं, असं सांगितलं. बायकांची नावं बदलतात, कोण विचारतो!

दोन वर्षांनी मोखाड्याला अंगणवाडी सेविकेची जागा निघाली. कुसुमनं पेटी उघडली, दाखला नाही. मी म्हटलं, "वाळवीनं खाल्ला असेल." ती म्हणाली, "मग शाळेतून दुसरा मिळायचा अर्ज लिहून दे ना, ताई." मी लिहिला. झकास लिहिला. "मीच देते नेऊन," म्हटलं आणि दिला नाही. दुसरा काढताना पहिला कुठं गेला याची चौकशी झाली असती, आणि पहिला माझ्या परवान्याच्या कागदांत होता!

मुदत गेली. कुसुम सेविका झाली नाही, मदतनीस झाली. निवृत्त होईपर्यंत दुसरीच्या हाताखाली पोरांची खिचडी ढवळली. तिला यातलं काही माहीत नव्हतं. दर रविवारी सकाळी तिचा मला फोन यायचा, "ताई, जेवण काय केलंस?" नवरा गेल्यापासून मला तेवढं विचारणारं तेच एक माणूस.

मला हे लिहायचं होतं. आणि तो फोनही यायला हवा होता.

* * *

दुसऱ्या शनिवारी मॅडमनी नियम सांगितला. जिवंत माणसाबद्दल लिहिलं तर वर्गात वाचायच्या आधी त्याच माणसाला वाचून दाखवायचं. तो नको म्हणाला तर लेख पिशवीत. सहाव्या शनिवारी सगळ्यांनी वाचायचं होतं, गावातली माणसं बोलावून.

मग हनीफभाई बोलले. हनीफभाई म्हणजे बाजारातले जुने शिंपी. जव्हारच्या निम्म्या नवरदेवांचे कपडे त्यांच्या हातचे. ते म्हणाले, "मॅडम, मग मेलेल्यांवर लिहिलेलं बरं!"

सगळे हसले. पण पुढच्या शनिवारी खरोखर नवांपैकी सहा जण मेलेल्या माणसांवर लिहून आले! कुणाचा आजा, कुणाचे गुरुजी, एकाचा तर बैल. एकापाठोपाठ एक वाचन. वर्ग कसला, दहाव्याला बसल्यासारखं वाटायला लागलं.

मॅडम म्हणाल्या, "अहो, एक तरी जिवंत माणूस येऊ द्या!"

हनीफभाई म्हणाले, "मॅडम, हे लोक बरे. ऐकूनही घेतात आणि उलट फोनही करत नाहीत!"

मी हसले नाही. माझं माणूस जिवंत होतं, मोखाड्यात होतं, आणि कानानं माझ्यापेक्षा तीक्ष्ण होतं.

* * *

टिंगल करणारे हनीफभाईच शेवटी पहिले सापडले. त्यांनी बैलाबिलाचं न लिहिता खरंच एका जिवंत माणसावर लिहिलं.

तीस वर्षांपूर्वी बाजारातल्या एका व्यापाऱ्याच्या लग्नाची शेरवानी त्यांनी शिवली. घाईत डावी बाही दोन बोटं आखूड झाली. नवरदेव म्हणाला, "हनीफ, ही बाही वर का जाते?" हनीफभाई तरणे होते, घाबरले. म्हणाले, "शेठ, बाही बरोबर आहे. तुमचा डावा हात जरा लांब आहे."

हे कागदावर लिहून ते नियमाप्रमाणे शेठच्या दुकानात गेले आणि गिऱ्हाईक नसताना वाचून दाखवलं.

शेठ उठले. टेप मागवली. दोन्ही हात टेबलावर ठेवून स्वतः मोजले. एकदा, दोनदा. मग खाली बसले आणि म्हणाले, "तीस वर्षं! तीस वर्षं मी प्रत्येक शर्टाची डावी बाही मुद्दाम लांब शिवून घेतोय! रोज एक घडी घालून फिरतोय! माझ्या मुलाचेही हात मोजले मी, लहानपणी!"

आम्ही वर्गात डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसलो. हनीफभाई हसत नव्हते. "लेख वाच म्हणाले," ते म्हणाले, "पण पाच दिवस झाले, सलामाला उत्तर देत नाहीत."

माझं हसू तिथंच थांबलं. दोन बोटं बाहीला पाच दिवस अबोला. माझ्या दाखल्याला किती?

* * *

दाभोशाची जानकी आमच्यातली सगळ्यात लहान. आशाताई आहे, पाड्यापाड्यांतून पायी हिंडते. घरी तिची बोली वेगळी, वर्गात ती मराठी जपून बोलायची, जसा काही दुसऱ्याच्या घरचा काचेचा ग्लास हातात धरलाय. मॅडम म्हणाल्या, "बोलतेस तसंच लिही." तिनं लिहिलं आणि तेही सासूवर! लग्नानंतर पहिल्याच वर्षी सासूनं रागानं तिच्या दिशेनं पातेलं फेकलं होतं, ते.

आम्ही सगळ्यांनी तिला सांगितलं, "पोरी, नको. त्याच घरात राहायचंय तुला."

पुढच्या शनिवारी ती आली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघतोय.

"वाचलंस?"

"वाचलं. नाचणी पाखडत ऐकत होती."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, चूक हाय."

"बघ! सांगितलं नव्हतं?"

"नाय वो. म्हणाली, पातेलं नव्हतं, मातीची तवली व्हती. पातेलं टाकलं तर वाजतं. तवली फुटते. फुटलीच व्हती, आन तुकडे मीच गोळा केले, ते का नाय लिवलंस?"

मॅडम टाळ्या वाजवायच्याच बाकी होत्या. आता म्हणे ती सासू रोज संध्याकाळी दारात बसून विचारते, "आज काय लिवलंस माझ्यावर?" आणि काही लिहिलेलं नसलं की रुसते!

त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, माणसं ऐकून घेतात की. घरी पोचेपर्यंत तेवढं वाटलं. तवली फुटली तर दुसरी मिळते.

* * *

बुधवारी मोबाइलवर वर्ग असायचा, अर्धा तास. रेंज मिळेल तिथं जो तो उभा. एक जण टेकाडावर, एक जण एसटी स्टँडवर, जानकी तर झाडाच्या बेचक्यात मोबाइल अडकवून समोर बसायची. मी आपली खिडकीत.

एका बुधवारी मॅडम "बरं, भेटू शनिवारी" म्हणाल्या. मी मोबाइल पालथा ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून सराव सुरू केला. कारण जायचं तर होतंच.

आधी रडवेल्या आवाजात म्हटलं, "कुसुम, मी तुझी अपराधी आहे गं." छे! हे सिरियलमधल्या बाईसारखं झालं.

मग दरडावून म्हटलं, "हे बघ कुसुम, जे झालं ते झालं, परिस्थितीच तशी होती!" हे तर आणखी वाईट. चोरी करायची आणि वर भाषण!

मग सरळ म्हटलं, "कुसुम, तुझा दाखला मी घेतला."

पालथ्या मोबाइलमधून हनीफभाईंचा आवाज आला, "ताई, तिसरं चांगलं होतं!"

आठच्या आठ जण ऐकत होते! मोबाइल बंदच केला नव्हता मी!

* * *

राग आला मला. आणि राग आला की मी तो योग्य माणसावरच काढते. शनिवारी भर वर्गात मॅडमना विचारलं, "हा नियम तुमचा की पुस्तकातला? तुम्ही स्वतः कधी कुणाला आधी वाचून दाखवलंत?"

मॅडमनी खडू खाली ठेवला. "नाही दाखवलं. माझ्या थोरल्या भावावर लिहिलं. छापून आल्यावर त्याला शेजाऱ्यांकडून कळलं."

"मग?"

"आता दिवाळीला त्याचा मेसेज येतो. शुभेच्छांचा. सगळ्यांना पाठवतो तोच."

मला माझं तोंड कुठं ठेवू झालं. मॅडमच म्हणाल्या, "म्हणून नियम, कमलताई."

* * *

शेवटी चौथा आणि पाचवा शनिवार यांच्या मधल्या मंगळवारी मी मोखाड्याची जीप धरली. लेख चार पानांचा, प्लास्टिकच्या पिशवीत. घाटात जीप वळली की पिशवी छातीशी धरायची. शेजारची बाई म्हणाली, "मावशी, जमिनीचे कागद का?" म्हटलं, "त्याहून वाईट."

कुसुम ओट्यावरच होती. मला बघून उठली, चहा टाकला. मी चष्मा लावला, कागद काढले, घसा साफ केला.

तेवढ्यात कुंपणावरून शेजारीण ओरडली, "कुसुमताई, बहीण आल्यात का अर्जवाल्या? कागद घेऊनच बसल्यात की! माझा रेशनकार्डाचा लिहून द्या ना!"

नको म्हणता आलं असतं! पण मी म्हटलं, "आण." तिच्या मागून दुसरी आली, विधवा पेन्शनचा. मग तिसरी, विजेच्या मीटरचा. मग एक म्हातारा आला, त्याला कशाचा अर्ज करायचा हे माहीतच नव्हतं, रांग दिसली म्हणून बसला होता! त्याचाही लिहिला, पाड्यावरच्या हातपंपाचा. त्याला एकदम पटलं.

तोवर शेवटची जीप सुटायची वेळ झाली. कुसुम मला सोडायला आली. म्हणाली, "ताई, कशाला आली होतीस ते राहिलंच."

म्हटलं, "सहज."

शनिवारी मॅडमनी विचारलं, "वाचून दाखवलंत?"

"नाही. चार अर्ज लिहून आले."

वर्ग हसला. मी बाकाकडे बघत बसले. आता एकच शनिवार उरला होता, आणि खरं सांगते, मी ठरवलं होतं, मेलेल्या काकांवर काहीतरी खरडून मोकळं व्हायचं. रात्रीत होतं ते. काका बिचारे काय म्हणणार!

* * *

पण रविवारी तिचा फोन आला. "ताई, जेवण काय केलंस?" आणि काकांचा बेत मी तिथंच सोडला.

गुरुवारी सकाळी पुन्हा जीप. कुसुम घरात सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मी आत गेले आणि दार लावून कडी घातली.

"काय गं," ती हसली, "चोरी करून आलीस की काय?"

"हो," म्हटलं.

ती हसतच राहिली. मी उभ्यानंच वाचायला सुरुवात केली, बसले असते तर पुन्हा चहा आला असता. पहिलं वाक्य मी फार घोटून लिहिलं होतं : 'मला लिहायला कुणी शिकवलं नाही, मी माझी मी शिकले; पण ज्या दाखल्यावर मी चाळीस वर्षं पोट भरलं तो माझा नव्हता.' पुढं सगळं. पेटी, परवाना, वाळवी. कुसुमची बोटं तांदळातून फिरत होती, खडा सापडला की बाजूला. तिनं मला लिहायला सांगितलेला अर्ज आला, मी तो दिला नाही हे आलं, आणि बोटं थांबली. खिचडी आली. मी संपवलं.

बाहेर कोंबडी ओरडत होती. कुसुमनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला.

मग म्हणाली, "मी आईला धरलं होतं, ताई. तू पेटी ओल्या भिंतीला लावलीस, तुझ्यामुळं दाखला गेला, असं तिला म्हटलं. चार महिने बोलले नाही तिच्याशी. ती मरेपर्यंत सांगायची, कुसुम, पेटीत वाळवी नव्हती गं."

हे मला माहीत नव्हतं. चार पानांत हे कुठंच नव्हतं. मी भिंतीला टेकून खाली बसले.

"तू नको म्हण," मी म्हटलं. "नियम आहे. तू नको म्हणालीस तर मी नाही वाचणार."

"का नको? घडलंय ते घडलंय. आईचंही घाल त्यात." तिनं सूप खाली ठेवलं. "फक्त ते पहिलं वाक्य खोड."

"पहिलं? एवढं चोरीचं वाचलं त्यात तुला काही नाही, आणि पहिल्या वाक्यात काय आहे?"

"खोड म्हणते ना. काढ पेन."

मी पिशवीतून पेन काढलं आणि कागदावर वाकले. कुसुमनं चष्मा चढवला, पुढं सरकली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली.

"अजून तसाच धरतेस!" ती ओरडली. "रोज शाळेतून आले की घसा फोडून सांगत होते तुला, ताई, अंगठा आत दुमडू नको, अंगठा आत दुमडू नको म्हणून!"